परदेशात इंग्रजी शिकवायचंय? सर्टिफिकेट कोर्स निवडताना या चुका टाळा

माझा पहिला कोर्स मी सवलतीला भुलून घेतला. मूळ किमतीवर फुली, खाली तिच्या दहाव्या हिश्शाएवढी रक्कम आणि शेजारी उलटं धावणारं घड्याळ. दुसऱ्या दिवशी सहज पाहिलं तर तेच घड्याळ पहिल्यापासून सुरू झालं होतं, पण तोवर पैसे भरून झाले होते. कागदावर १२० तासांचा तो कोर्स मी नोकरी सांभाळून ९ दिवसांत संपवला. सगळे प्रश्न पर्याय निवडायचे, आणि उत्तर चुकलं तर पुन्हा संधी. प्रमाणपत्र मात्र देखणं आलं, सोनेरी किनारीचं. पहिल्याच मुलाखतीत समोरच्या बाईंनी ते बाजूला ठेवलं आणि विचारलं, "तुम्हाला शिकवताना कुणी पाहिलंय?"

कुणीच पाहिलं नव्हतं. पुढे मी रीतसर कोर्स केला, आता कधीमधी मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूलाही बसतो, आणि तोच प्रश्न विचारतो.

तासांचा आकडा बघून भुलणं

१२० हा आकडा नोकरीच्या जाहिरातींत इतका रुळलाय की कोर्स विकणारे तो आधी छापतात आणि अभ्यासक्रम मागाहून जुळवतात. केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी शिक्षकांसाठीच्या कोर्समध्ये किमान १२० तास प्रशिक्षकांबरोबर घालवावे लागतात. घरबसल्या कोर्समधले १२० तास म्हणजे निव्वळ अंदाज, कुणी मोजायला बसलेलं नसतं. २५० किंवा ३०० तासांचं पॅकेज दिसलं तर बहुधा त्याच कोर्सला आणखी काही धडे चिकटवलेले असतात.

विचारायचं ते वेगळंच: यातले सराव पाठ किती? सेल्टात प्रत्येकाला ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं, तेही दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या वर्गांना. मागे प्रशिक्षक वही घेऊन बसलेले असतात. पाठ संपला की चर्चा, मग लेखी शेरा. शिवाय अनुभवी शिक्षकांचे ६ तासांचे पाठ बघायचे, चार लेखी स्वाध्याय द्यायचे, आणि कोर्स नीट चाललाय का हे तपासायला बाहेरचा परीक्षक येतो. ट्रिनिटी कॉलेज लंडनचा सर्ट-टेसॉल याच तोडीचा: किमान १३० तास, त्यातही ६ तासांचे सराव पाठ. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. प्रशिक्षणार्थींना एक पूर्ण अनोळखी भाषा विद्यार्थी म्हणून शिकावी लागते. आपल्याला काहीच कळत नसताना शिक्षक भराभर बोलत सुटला की कसं वाटतं, ते तिथे कळतं.

इथे एक पळवाट असते. काही कोर्स 'प्रात्यक्षिक आहे' म्हणतात, पण ते सहप्रशिक्षणार्थींसमोर असतं. विद्यार्थ्याचं सोंग घेतलेल्या मित्राला सगळं आधीच येत असतं. 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' हे वाक्य का चुकतं, असं तो मनापासून विचारणार नाही. खरा विद्यार्थी विचारतो, आणि तुम्ही फळ्याकडे तोंड करून उभे राहता. माझ्या पहिल्या सराव पाठात मी दर तीन मिनिटांनी 'डू यू अंडरस्टँड?' विचारत होतो आणि सगळा वर्ग माना डोलवत होता. प्रशिक्षकांनी नंतर एवढंच विचारलं, "समजलं नाही असं तोंडावर कोण सांगेल?" समजलंय का ते ताडून बघणारे प्रश्न वेगळे असतात: तो माणूस आत्ता तिथे आहे का? ही गोष्ट संपलीय की चालू आहे? व्हिडिओ बघून हे डोक्यात शिरतं, पण वर्गात तोंडून निघत नाही. त्यासाठी कुणीतरी टोकावं लागतं.

सेल्टा आता ऑनलाइनही होतो, त्याला हरकत नाही. तिथेही पडद्यापलीकडे खरे विद्यार्थी असतात आणि प्रशिक्षक पाठ बघत असतात. त्यामुळे ऑनलाइन की प्रत्यक्ष, यापेक्षा सराव पाठ आहेत की नाहीत हे महत्त्वाचं.

नावांचा गोंधळ

टेफल (परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणं) आणि टेसॉल (इतर भाषिकांना इंग्रजी शिकवणं) ही कोर्सच्या प्रकाराची नावं आहेत, कुणा एकाच्या मालकीची नाहीत. कुणीही उद्या 'टेसॉल प्रमाणपत्र' छापून विकू शकतो. सेल्टा केंब्रिजचा, सर्ट-टेसॉल ट्रिनिटीचा. 'टेसॉल केलंय' असं कुणी म्हणालं की पुढचा प्रश्न, 'कुणाचं?'

'आंतरराष्ट्रीय मान्यता' वाचून थांबणं

सगळ्या टेफल कोर्सना मान्यता देणारी एकच जागतिक संस्था अस्तित्वात नाही. म्हणून पानाच्या तळाशी पाच-सहा शिक्के दिसले की प्रत्येकाचा माग काढा. भारदस्त नावाची ती संस्था कधी कधी कोर्स विकणाऱ्याच्याच घरातली निघते. इंग्लंडमधल्या पात्रतांची नोंद ऑफक्वल या नियामकाकडे असते आणि ती नोंदवही कुणालाही इंटरनेटवर पाहता येते. कोर्सचं नाव आणि पात्रता क्रमांक तिथे सापडला पाहिजे.

पण नोंद सापडली म्हणजे काम झालं असंही नाही. सेल्टा आणि सर्ट-टेसॉल दोन्ही त्या नोंदवहीत पाचव्या पातळीचे आहेत, आणि एकही सराव पाठ नसलेले पाचव्या पातळीचे ऑनलाइन कोर्सही आहेत. पातळी अभ्यास किती अवघड ते सांगते, तुम्ही वर्गात उभे राहिलात का हे सांगत नाही. जाहिरातीत 'सेल्टाच्याच पातळीचा' हे शब्द आले की मी सावध होतो. वाक्य खरं असतं, म्हणून तर जास्त फसवं.

कोर्स आधी, देश नंतर

ही सगळ्यात महागडी चूक. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा ई-२ व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. तुमचा पासपोर्ट यांपैकी नसेल तर प्रमाणपत्र कितीही चांगलं असो, ते पासपोर्टची जागा घेत नाही. उलट जपान सरकारच्या जेट योजनेत सहायक शिक्षकाला पदवी लागते, शिकवण्याचं प्रमाणपत्र बंधनकारक नाही. अनेक देशांत वर्क परमिटसाठीच पदवी हवी असते, आणि ती नसेल तर सेल्टाही तुम्हाला विमानात बसवू शकत नाही.

आणखी एक गल्लत. भाषा शिकवणाऱ्या संस्था वेगळ्या आणि नेहमीच्या शाळा वेगळ्या. आंतरराष्ट्रीय शाळांना सहसा बी.एड. किंवा ब्रिटनमधल्या पीजीसीईसारखी पूर्ण शिक्षक-पात्रता लागते, तिथे महिन्याभराचं सर्टिफिकेट जोडपत्र म्हणूनच चालतं. त्यामुळे आधी हव्या त्या देशातल्या दहा-बारा जाहिराती वाचा, त्या देशाच्या दूतावासाचे व्हिसा नियम वाचा, मग कोर्सकडे वळा. नियम बदलत राहतात, म्हणून पैसे भरायच्या आठवड्यात ते पुन्हा एकदा बघा.

मुलांना शिकवणार असाल तर हेही लक्षात ठेवा: सेल्टा मोठ्यांना शिकवण्यासाठी आखलेला आहे. सात वर्षांच्या पोरांचा वर्ग कसा सांभाळायचा, ते त्यात मिळत नाही.

प्रवेशाला नकार नको वाटणं

चांगल्या केंद्रात अर्जासोबत भाषेच्या प्रश्नांची कामं असतात आणि मुलाखत होते. हा ताप वाटतो खरा, पण कार्ड चालतंय म्हणून प्रवेश देणाऱ्या ठिकाणी तुमच्या इंग्रजीची कुणाला पडलेली नसते. पूर्णवेळ कोर्स ४-५ आठवड्यांचा असतो आणि त्या काळात नोकरी, लग्नकार्य, घर बदलणं, काहीही जमत नाही. रात्री पाठ टाचण, सकाळी पाठ, दुपारी त्याची चिरफाड. ज्याला हे झेपणार नाही त्याने काही महिन्यांत विभागलेला अर्धवेळ कोर्स घ्यावा, प्रमाणपत्र तेच मिळतं.

चूक आधीच झाली असेल तर

स्वस्तातला कोर्स घेऊन बसला असाल तर त्याच दुकानातून मोठा कोर्स घेऊ नका. परताव्याची मुदत उरलीय का ते आजच बघा. नसेल तर व्याकरणाचे धडे मन लावून करा, पुढे ते कामी येतात. स्वयंसेवी वर्ग घ्या आणि एखाद्या अनुभवी शिक्षकाला मागे बसून बघायला सांगा. त्याने सही केलेलं निरीक्षण सेल्टाची जागा घेणार नाही, पण मुलाखतीत दाखवायला काहीतरी असेल. बायोडेटात तास लिहिताना 'ऑनलाइन, सराव पाठ नाहीत' हे स्पष्ट लिहा. लपवलेलं पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडतं.

'नोकरीची हमी' दिली असेल तर करारातले बारीक अक्षरांतले शब्द वाचा. बहुतेकदा ती हमी म्हणजे रिकाम्या जागांची यादी पाठवण्याचं आश्वासन असतं.

कोर्स चालू आहे आणि पहिले दोन सराव पाठ फसलेत? प्रशिक्षकांना थेट विचारा की उत्तीर्ण व्हायला नेमकं काय सुधारायचंय. घाबरून टाचण दुप्पट लांब करणारे बरेच जण पाहिलेत, आणि त्यांचा पुढचा पाठ हमखास आणखी लांबतो.

कागदपत्रांचं शेवटी बघू असं म्हणू नका. नाव नोंदवतानाच पासपोर्टवरचं स्पेलिंग द्या, कारण प्रमाणपत्रावर एक अक्षर वेगळं आलं की व्हिसाची फाइल अडकते. छापील प्रमाणपत्र मिळणार की फक्त पीडीएफ, ते विचारून घ्या. आणि ऑनलाइन कोर्सवाल्यांना बहुधा उशिरा कळणारी गोष्ट: अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, त्या देशातूनच करून घ्यावं लागतं जिथे कागद जारी झाला. ब्रिटनमधल्या संस्थेचं प्रमाणपत्र असेल तर ते शिक्क्यासाठी ब्रिटनलाच पाठवायचं, त्याला लागणारे आठवडे आणि कुरिअरचा खर्च आधीच हिशोबात धरा.