सेवेसाठी दुचाकीने पहिल्यांदाच लांब निघताय? या चुका टाळा

हिंगणघाटहून भामरागड तालुक्यातील एका आश्रमशाळेसाठी वह्या, स्वेटर आणि जमलेली वर्गणी घेऊन आमचा दुचाकीस्वारांचा गट दर डिसेंबरात निघतो. वरोरा, चंद्रपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली असा हा सुमारे ३०० किलोमीटरचा रस्ता आहे. दरवर्षी चार-पाच जण नव्याने येतात आणि त्यांतील बहुतेक जण गाडीची सगळी कामे निघण्याच्या आदल्या दिवसासाठी राखून ठेवतात. ही चूक पाहून मी खरोखर थकलो आहे.

चार वर्षांपूर्वी आमच्यातील एका तरुणाने आदल्या संध्याकाळी नवे चेन-किट (चेन आणि तिची दोन्ही दातेरी चक्रे, म्हणजे स्प्रॉकेट) बसवून घेतले. मेकॅनिकने गाडी डबल स्टँडवर असतानाच, मागे काहीही वजन नसताना, चेन घट्ट ताणून दिली आणि त्यालाही ती घट्ट चेन पाहून समाधान वाटले. सकाळी मागे सोबती बसला आणि वह्यांच्या दोन थैल्या बांधल्या गेल्या. मागे वजन पडले की शॉकअप दबतात, चाक वर सरकते आणि पुढचे स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचा) बोल्ट व मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की चेनला सर्वांत जास्त ताण बसतो. चेनला ढील, म्हणजे थोडा सैलपणा, ठेवायची ती याच क्षणासाठी. आष्टी सोडल्यावर त्याच्या गाडीतून खरखर ऐकू येऊ लागली. आम्ही थांबलो, चेनकव्हरचे रबरी बूच काढून बोट घातले, तर चेन तारेसारखी ताठ होती. नट-बोल्ट खोलायचे पाने (स्पॅनर) थैल्यांच्या खाली बांधलेले होते, म्हणून ‘आलापल्लीत बघू’ असे ठरले आणि मीही त्याला होकार दिला. पुढे जंगलात चेनची दोन टोके जोडणारे लॉक निसटले, चेन पुढच्या स्प्रॉकेटभोवती गुंडाळली गेली आणि इंजिनचे केसिंग फुटून रस्त्यावर काळे ऑइल ओघळले. लॉक शोधायला आम्ही दोनशे पावले मागे चालत गेलो, पण ते सापडले नाही. गाडी टेम्पोतून परत पाठवावी लागली, वह्या आमच्या गाड्यांवर वाटून घेतल्या, आणि आम्ही शाळेत पोहोचलो तेव्हा मुले वाट पाहून झोपली होती.

आदल्या संध्याकाळी गॅरेजमधून आणलेली गाडी माझ्या लेखी अजून तपासायची राहिलेली असते. नवे चेन-किट, नवे टायर, नवी क्लच केबल यांपैकी जे बदलायचे असेल ते मी तीन आठवडे आधी बदलतो आणि मग घरातील गव्हाच्या थैल्या बांधून, मागे माणूस बसवून चंद्रपूरपर्यंत जाऊन परत येतो. नवी चेन सुरुवातीला थोडी सैल पडतेच, त्यामुळे परतल्यावर ती पुन्हा लावून घेतो. साध्या १०० ते १२५ सीसीच्या गाड्यांना साधारण २० ते ३० मिलिमीटर ढील लागते. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा, मेकॅनिकच्या अंदाजावर सोडू नये. चेन-लॉकचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला आहे ना, हे मी स्वतः वाकून पाहतो. याला दहा मिनिटे लागतात, आणि एवढाही वेळ नसलेल्या माणसाला मी गटात घेत नाही.

दुसरी चूक मदतीच्या सामानाची. शाळेला न विचारता जुन्या कपड्यांचे गाठोडे उचलून आणणारे लोक गाडीवरही अन्याय करतात आणि ते घेणाऱ्यांवरही, कारण फाटके कपडे निवडत बसण्याचे काम तिथल्या शिक्षकांवर पडते. आधी फोन करावा, काय हवे ते लिहून घ्यावे आणि जड वस्तू शक्यतो तिथल्या जवळच्या बाजारातून घ्याव्यात. गाडीवरचे वजन सीटच्या जवळ आणि खाली बांधावे; उंच रचलेली थैली वळणावर गाडी ओढते. वर्गणी रोख बाळगण्यापेक्षा संस्थेच्या खात्यात भरावी. दोन हजार रुपयांवरील रोख देणगीला करसवलत मिळत नाही, हे देणगीदारांना आधीच सांगावे.

अंधार पडल्यावर चालवू नये. कापसाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या बंड्या (बैलगाड्या) आणि ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, आणि रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर कधी आडवे येईल याचा नेम नसतो. शेतातून निघालेल्या चाकांनी डांबरावर आणलेली काळी माती पहाटेच्या दवाने ओली झाली की तिच्यावर ब्रेक दाबू नये. आलापल्लीला टाकी पूर्ण भरावी. मागे बसणाऱ्यालाही आयएसआय चिन्हाचे हेल्मेट हवेच. वाशिम-बुलढाण्याकडे जाणाऱ्या गटांनी नकाशा दाखवतो म्हणून समृद्धी महामार्ग धरू नये. तिथे दुचाकीला परवानगी नाही.

यंदाही गोंडपिपरी सोडल्यावर, वैनगंगेच्या पुलाच्या अलीकडे सर्व गाड्या थांबतील. पाने या वेळी प्रत्येकाच्या सामानात सर्वांत वर असले पाहिजेत, आणि वजन गाडीवर असतानाच चेनची ढील बोटाने पाहून मगच पूल ओलांडायचा आहे.