अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचं काळं आकाश आपल्या मोबाइलवर

आधी अमेरिकन निसर्ग-छायाचित्रकार अ‍ॅडम्सचा १९४१ सालचा न्यू मेक्सिकोतला 'मूनराइज, हर्नांडेझ' हा फोटो नीट झूम करून बघा, खाली कबरींवरचे पांढरे क्रॉस, वर छोटासा चंद्र आणि जवळपास काळंकुट्ट आकाश. गंमत म्हणजे हे आकाश कॅमेऱ्यात एवढं काळं आलंच नव्हतं, त्याने डार्करूममध्ये प्रिंट काढताना बर्न करून, म्हणजे कागदाच्या तेवढ्याच भागाला जास्त प्रकाश देऊन, आणलं, आणि पुढच्या वर्षांतल्या प्रिंट्समध्ये तर अजूनच गडद.

हेच आता स्नॅपसीड या फोटो एडिटिंग अ‍ॅपमध्ये करायचं. फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा, मग ब्रशमधलं डॉज अँड बर्न (उजळणं आणि गडद करणं) घ्या, मायनसवर नेऊन आकाशावर बोट फिरवा, प्लसवर नेऊन भिंती, ढगांच्या कडा जराशा उजळा. मी पहिल्यांदा घाईत केलं तर माझ्या फोटोतल्या माडाभोवती पांढरी किनार राहिली, भुतासारखं दिसत होतं ते झाड, त्यामुळे कडेपाशी झूम करून हळूहळू दोन-तीन हात मारा.