फूटेजचा फॉरमॅट कसा ओळखावा: पिक्सेल मोजा, रंगही मोजा

एडिटिंगला बसण्याआधी प्रत्येक कॅमेऱ्याची एक-एक फाइल मीडियाइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये टाका. कॅमेऱ्यावरच्या 'फुल एचडी' स्टिकरवरून काहीही ठरवू नका. तो स्टिकर विक्रीसाठी असतो. यादी लांबलचक येईल, पण त्यात बघायच्या गोष्टी मोजक्याच: रुंदी-उंची, स्कॅन टाइप, फ्रेम रेट, क्रोमा सबसॅम्पलिंग, बिट डेप्थ आणि बिटरेट (सेकंदाला किती डेटा).

रुंदी-उंची. फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०, एका फ्रेममध्ये २०,७३,६०० पिक्सेल. जुन्या एचडीव्ही टेपवरून घेतलेली फाइल मात्र १४४० × १०८० दाखवेल. ती बिघडलेली नाही. तिचे पिक्सेल आडवे असतात, १.३३ पट रुंद, आणि दाखवताना ते ताणून १९२० होतात. सॉफ्टवेअरने हे ओळखलं नाही तर माणसं उंच आणि हडकुळी दिसतात. अशा वेळी क्लिपच्या सेटिंगमध्ये पिक्सेल आस्पेक्ट १.३३ करा. हाताने ओढून रुंद करू नका, पुढे प्रत्येक टायटल आणि इफेक्टमध्ये तो हिशेब गळ्यात पडतो.

स्कॅन आणि फ्रेम रेट. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ किंवा ५० फ्रेम. फोन ३० वर असेल तर शटर १/५० किंवा १/१०० वर बांधून ठेवा, नाहीतर हॉलमधले दिवे लपलपतात. फ्रेम रेट मोड 'व्हेरिएबल' (बदलता) दिसला तर आधी हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममधून 'कॉन्स्टंट' (स्थिर) करून घ्या. आवाज आणि ओठ हळूहळू वेगळे पडण्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. स्कॅन टाइपपुढे 'इंटरलेस्ड' (एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची, म्हणजे फील्डची, फ्रेम) लिहिलेलं दिसलं तर जोरात हालचाल असलेल्या फ्रेमवर थांबून पाहा. कडांना कंगवा (दातांसारख्या आडव्या रेघा) दिसला तरच डीइंटरलेस करा, म्हणजे फील्डपासून पूर्ण फ्रेम बनवून घ्या. काही एव्हीसीएचडी फॉरमॅटचे कॅमेरे २५पी (सेकंदाला २५ पूर्ण, प्रोग्रेसिव्ह फ्रेम) चित्र ५०आयच्या (सेकंदाला ५० फील्ड, इंटरलेस्ड) वेष्टनात भरतात. ते डीइंटरलेस केलं तर उभा तपशील फुकट जातो.

रंगाचं सॅम्पलिंग. सगळी गफलत होते ती इथे.

फाइलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन रंग साठवलेले नसतात. उजेडाचा एक थर असतो, ल्युमा. आणि रंगातल्या फरकाचे दोन, म्हणजे क्रोमा. डोळ्याला उजेडातला बारकावा चांगला कळतो, रंगातला कमी. म्हणून क्रोमा कमी जागांवर मोजतात. ४:२:० वाचायचं असं: चार पिक्सेल रुंद, दोन ओळी उंच असा तुकडा घ्या. पहिला आकडा ओळीतले ल्युमाचे नमुने, दुसरा वरच्या ओळीतले रंगाचे नमुने, तिसरा खालच्या ओळीतले नवे रंगाचे नमुने. शेवटचं शून्य म्हणजे 'एक रंगच नाही' असं सांगणारे आढळतात; ते साफ चूक आहे. खालची ओळ वरच्या ओळीचाच रंग वापरते, एवढाच त्याचा अर्थ.

फुल एचडीत ल्युमा नेहमीच १९२० × १०८०. क्रोमाचा प्रत्येक थर ४:२:२ मध्ये ९६० × १०८० असतो आणि ४:२:० मध्ये ९६० × ५४०. म्हणजे एचडीव्ही, एव्हीसीएचडी आणि बहुतेक फोनच्या फुल एचडी फाइलमध्ये रंग पाव जागांवरच मोजलेला असतो.

हे प्रत्यक्ष बघायचं तर काळ्या पडद्यापुढचा लाल शालू घ्या, फ्रेम थांबवा आणि ४०० टक्के मोठी करा. काठाची कड दोन-दोन पिक्सेलच्या पायऱ्यांनी तुटलेली दिसेल. त्याच फ्रेममध्ये चेहऱ्यावर काहीच जाणवणार नाही. कारण सरळ आहे: एचडीच्या ७०९ मानकात ल्युमामध्ये हिरव्याचा वाटा ०.७१५२, लालचा ०.२१२६ आणि निळ्याचा अवघा ०.०७२२. गडद लाल-निळ्या कडांना ल्युमाचा आधार फारसा मिळत नाही, त्या उघड्या पडतात. मागची पार्श्वभूमी नंतर बदलायची असेल तर डिजिटल कॅमेऱ्याला निळ्यापेक्षा हिरवा पडदा सोयीचा, त्याचं एक कारण हेच.

आता सगळ्यात घातक सल्ला: 'फाइल प्रोरेस ४२२ (एडिटिंगसाठीचा ४:२:२ फॉरमॅट) करून घे, रंग सुधारतो.' आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? एव्हीसीएचडीची २४ एमबीपीएसची (सेकंदाला २४ मेगाबिट) फाइल प्रोरेस ४२२ केली की १०८०पी २५ ला सुमारे १२२ एमबीपीएस होते, तासाला साधारण ५५ जीबी. एडिटिंग हलकं होतं, पुन्हा-पुन्हा रेंडर केल्यावर होणारी झीज कमी होते. त्यासाठी जरूर करा. पण कॅमेऱ्याने टाकून दिलेला रंग परत येत नाही; रिकाम्या जागा अंदाजाने भरल्या जातात.

४:२:० मध्येच 'क्रोमा शूट' (हिरव्या पडद्यापुढचं, मागची पार्श्वभूमी नंतर बदलायची असं शूट) करायची वेळ आली तर कॅमेऱ्यातलं शार्पनिंग पूर्ण खाली आणा, माणूस पडद्यापासून दोन-तीन मीटर पुढे उभा करा, पडद्यावरचा उजेड एकसारखा ठेवा आणि शटर १/१०० घ्या. की लावण्याआधी (पडद्याचा रंग काढून टाकण्याआधी) फक्त क्रोमाचे थर एक-दोन पिक्सेल मऊ करा, ल्युमाला हात लावू नका. केसांची कड यानेच सुटते. कॅमेरा ४के घेत असेल तर ४केच घ्या: ३८४० × २१६० च्या ४:२:० मध्ये क्रोमा १९२० × १०८० असतो, म्हणजे फुल एचडीत उतरवल्यावर प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो.

इंटरलेस्ड ४:२:० वेगळ्या काळजीने हाताळा. त्यात रंगाच्या ओळी प्रत्येक फील्डच्या स्वतंत्र असतात. सॉफ्टवेअरने त्या प्रोग्रेसिव्ह समजून उलगडल्या की लाल कडांवर कंगवा उमटतो, तोही चित्र स्थिर नसेल तेव्हाच, त्यामुळे पटकन लक्षात येत नाही. क्रम ठरलेला आहे: आधी डीइंटरलेस, मग आकार बदलणे. उलट केलंत तर दुरुस्तीला वाव उरत नाही.

आकाशात किंवा भिंतीवर पट्टे दिसले तर दोष सबसॅम्पलिंगला देऊ नका; तो बिट डेप्थचा प्रश्न आहे. ८ बिटात २५६ पातळ्या, १० बिटात १०२४. लॉग प्रोफाइलमध्ये (फिकं, सपाट चित्र, ज्याचा रंग नंतर एडिटिंगमध्ये बसवतात) शूट करायचं असेल तर १० बिट हवंच. ८ बिटात लॉग हा हट्ट सोडा.

मुलाखत, लग्न, भाषण यांना ४:२:० पुरतं. क्रोमा शूट आणि भरपूर कलर ग्रेडिंग (नंतर रंग जुळवणं-बदलणं) असेल तर ४:२:२ मागा. मात्र एच.२६५ या कॉम्प्रेशनमधलं १० बिट ४:२:२ अनेक संगणकांच्या ग्राफिक्स कार्डाला पेलत नाही आणि प्लेबॅक अडखळतो. नवा संगणक घेण्याआधी प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) बनवून पाहा.

एक्स्पोर्ट. यूट्यूब किंवा पेनड्राइव्हसाठी एच.२६४, ४:२:०, ८ बिट. कलर टॅग ७०९ आणि रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पातळ्यांची व्याप्ती) 'लिमिटेड' ठेवा. टॅग चुकून ६०१ (एचडीआधीचं जुनं मानक) गेला तर लाल आणि हिरवे सरकतात, आणि लिमिटेड चित्रावर 'फुल' असं लिहिलं गेलं तर काळा रंग राखाडी दिसतो.