मादी हरीण टिपावं की सोडावं: पेनसिल्वेनियाच्या हंगामात या चुका टाळा

मादी हरणावर गोळी चालवायची नाही, हा दंडक पेनसिल्वेनियात 1907 च्या कायद्यानं आला. तेव्हा तो योग्यच होता. जंगलं तोडून झाली होती, हरणं संपत आली होती आणि बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडावी लागत होती. पुढे हरणं इतकी वाढली की त्यांनी जंगलाची नवी पालवीच उठू दिली नाही. कायदा बदलला, पण आजोबांनी घातलेली शपथ अजून बऱ्याच घरांत पाळली जाते. याच्या उलट टोकाची मंडळीही आहेत. टॅग (एक हरीण टिपण्याची परवानगी देणारी चिठ्ठी) काढलाय ना, मग दिसेल ती मादी पाडायची. दोघांचंही चुकतं आणि कारण एकच: आपल्या रानात काय चाललंय ते न पाहता निर्णय आधीच घेतलेला असतो.

हा मजकूर अमेरिकेत रीतसर परवाना काढून व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या, हरणाची शिकार करणाऱ्यांसाठी आहे. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे यातलं काहीही तिकडे लागू नाही. आपल्या मंडळींसाठी आणखी एक गोष्ट. एच-1बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला संघीय कायद्यानं बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला मुळात मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्याला एक अपवाद. म्हणून मित्राची रायफल हातात घेण्याआधी परवाना खिशात हवा, आणि त्याची मुदत संपलेली नको. ग्रीनकार्डवाल्यांना ही अडचण नाही.

नर पाडसालाच मादी समजणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. अँटलरलेस, म्हणजे बिनशिंगी हरणाच्या, टॅगवर शिंगं नसलेलं, किंवा दोन्ही शिंगं 3 इंचांपेक्षा आखूड असलेलं हरीण चालतं. म्हणजे त्याच वर्षी जन्मलेलं नर पाडसही चालतं. कायद्यानं तुम्ही सुटता, पण मादी कमी करायचा टॅग एका नरावर खर्ची पडतो.

ओळखायचं कसं? अंगावरचे ठिपके सप्टेंबरअखेर जातात, त्यांचा उपयोग नाही. एकटं उभं असलेलं हरीण किती मोठं आहे हेही दुर्बिणीतून कळत नाही. पाडससुद्धा भरल्या अंगाचं वाटतं. बांधा बघा. मोठ्या मादीचं धड लांबट, आडव्या आयतासारखं असतं आणि मान लांब असते. पाडसाचं धड चौकोनी, मान आखूड. मग तोंड: मादीचं लांबुळकं, पाडसाचं बुटकं, त्यामुळे त्याचे कान तोंडाच्या मानानं मोठे दिसतात. नर की मादी हे कपाळावरून ठरतं. मादीचं टाळकं दोन कानांच्या मध्ये गोलसर असतं. नर पाडसाचं सपाट असतं आणि कातडीखाली दोन गुंड्या असतात. त्या केसांत दडतात, म्हणून हरणानं मान खाली घालून तोंड तुमच्याकडे करेपर्यंत थांबायचं.

वागण्यावरूनही अंदाज येतो. संध्याकाळी उजेड असतानाच बेधडक, एकटंच शेतात उतरणारं पहिलं हरीण बरेचदा नर पाडस असतं. जाणती मादी काठावर उभी राहते, वारा घेते, पाय आपटते. म्हणून नियम सोपा ठेवा: एकट्या, शिंगं नसलेल्या हरणावर गोळी नाही. दोन-तीन हरणं शेजारी येऊ द्या आणि सर्वांत मोठं निवडा. उजेड उतरला असेल तर तो दिवस सोडून द्या.

‘एका नरामागे वीस माद्या’ यावर विश्वास ठेवणं

हे वाक्य प्रत्येक शिकारी कॅम्पमध्ये ऐकू येतं आणि ते जवळजवळ कधीच खरं नसतं. पाडसं जन्मतात ती साधारण निम्मी नर, निम्मी माद्या. शिकाऱ्यांनी नर कितीही टिपले तरी दरवर्षी नव्या नरांची भर पडतेच, त्यामुळे हंगामाआधी मोठ्या हरणांत एका नरामागे पाचाहून जास्त माद्या क्वचितच असतात. माद्या उजेडी शेतात येतात, मोठे नर अंधार पडल्यावर हिंडतात. तुम्ही मोजता ते दिसलेलं, असलेलं नाही.

त्यापेक्षा सप्टेंबरात ट्रेल कॅमेरे, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावा. शंभर एकरांना एक, दोन आठवडे. तेव्हा नरांची शिंगं पूर्ण वाढलेली असतात, त्यामुळे एकेक नर वेगळा ओळखता येतो, आणि पाडसं आईसोबत हिंडत असतात. या पद्धतीत इतरत्र कॅमेऱ्यासमोर मका टाकतात. पेनसिल्वेनियात तो मोह आवरा. आमिषावर शिकार इथे बेकायदा आहे आणि आमिष उचलल्यानंतरही तीस दिवस ती जागा शिकारीला बाद असते. कॅमेरे वाटेवर लावा आणि दरवर्षी त्याच जागी लावा.

हिशेब असा. समजा नरांचे 20 फोटो आले आणि त्यांत वेगवेगळे नर 5 निघाले. म्हणजे एका नराचे सरासरी 4 फोटो. माद्यांचे फोटो 60, भागिले 4, म्हणजे माद्या सुमारे 15. पाडसांचे 40, म्हणजे पाडसं 10. तीन माद्यांमागे दोन पाडसं जगलीत.

त्या 10 पाडसांत 5 माद्या धरा. हिवाळा, कोयोटी (कोल्ह्या-लांडग्यासारखं जनावर) आणि गाड्यांच्या धडका यांत त्यांतली एक जाईल, मोठ्यांतलीही एखादी जाईल. उरतात तीन किंवा चार. एवढ्या माद्या काढल्या तर पुढच्या सप्टेंबरात पुन्हा पंधराच्या आसपास राहतील. संख्या उतरवायची असेल तर पाच-सहा काढाव्या लागतील. एकच मादी मारून ‘कळप आटोक्यात आणला’ म्हणणं ही स्वतःची समजूत काढणं झालं.

अर्थात ही हरणं तुमच्या कुंपणाला बांधलेली नाहीत. चाळीस एकरांच्या मालकानं हा हिशेब शेजारच्या दोन-तीन जमिनीवाल्यांबरोबर बसून करावा. माद्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच परिसराला धरून राहतात, त्यामुळे एका छोट्या जागेत त्या सरसकट काढल्या तर ती जागा पटकन भरून निघत नाही.

हरणं मोजायची आणि जंगल बघायचंच नाही

आकडा पंधरा असो की पन्नास, तो जास्त की कमी हे खाणं ठरवतं. मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर रानातून चाला आणि गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या फांद्यांची टोकं पाहा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते डहाळी ओढून तोडतं, म्हणून टोक फाटकं, रेषा लोंबणारं राहतं. सुरीनं कापल्यासारखा तिरपा, स्वच्छ छेद दिसला तर तो सशाचा. त्याचं बिल हरणाच्या नावावर फाडू नका.

ओकची रोपं फूटभरही वाढत नसतील, जमिनीवर नुसता नेचा माजला असेल आणि बीच व पट्टेवाला मेपल एवढंच हिरवं उरलं असेल, तर तिथे हरणं जास्त झाली आहेत, मग तुम्हाला मचाणावरून दिवसाला दोनच का दिसेनात. हे दोन झाडोरे हरीण नाइलाजानं खातं. खात्री हवी असेल तर बारा फूट लांब, पाच फूट उंच तारेची जाळी गोल करून जमिनीत ठोका. चारेक फूट रुंद पिंजरा होतो. दोन उन्हाळ्यांनंतर आतलं आणि बाहेरचं शेजारी-शेजारी दिसलं की वाद घालायला काही राहत नाही.

पाडसं अनाथ होतील म्हणून थांबणं

पाडसं जन्मतात मे-जूनमध्ये. दहा आठवड्यांची झाली की दुधावाचून जगू शकतात. ऑक्टोबरात ती चार महिन्यांची असतात आणि आई गेली तर इतर माद्यांमागे लागतात. उलट, आई नसलेली नर पाडसं जन्मजागेच्या आसपास टिकण्याची शक्यता जास्त असते, कारण वर्षभरानं त्यांना हाकलून लावणारी आईच नसते.

दुसरा गैरसमज ‘भाकड’ मादीचा. सोबत पाडस नाही म्हणजे ती म्हातारी, वांझ, तीच मारावी, असं म्हणतात. व्हाइटटेल मादी दहाव्या वर्षानंतरही विते आणि जाणत्या माद्यांचीच पाडसं जास्त जगतात. पाडस दिसत नाही कारण बहुधा ते कोयोटीनं किंवा अस्वलानं जूनमध्येच नेलेलं असतं.

तिसरा, गाभण मादीचा. पेनसिल्वेनियात माज नोव्हेंबरच्या मध्यावर भरात असतो, त्यामुळे थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी रायफलचा हंगाम उघडतो तेव्हा बहुतेक माद्या गाभण असतात. पण मादी ऑक्टोबरात गेली काय नि जानेवारीत गेली काय, पुढच्या मेमधली तिची पाडसं येणार नाहीतच. फरक पडतो चाऱ्याचा. लवकर काढलेल्या मादीचा हिवाळाभराचा चारा बाकीच्यांना उरतो. मादी काढायचीच ठरली असेल तर धनुष्याच्या हंगामातच काढा. माजाच्या दिवसांत मचाणावर गडबडही कमी होते.

न थांबणं

काही वर्षी टॅग खिशातच राहू द्यावा. ऑगस्ट-सप्टेंबरात ओढ्याकाठी, तळ्याकाठी मेलेली हरणं सापडू लागली तर चिलटांमधून पसरणारा रक्तस्रावी ताप, म्हणजे ईएचडी, आलेला असू शकतो. राज्याच्या गेम कमिशनला कळवा आणि त्या हंगामात माद्या सोडा. तीन माद्यांमागे एकच पाडस दिसत असेल तरीही हात आखडा.

गोळीच्या मागे काय आहे ते न पाहणं

माद्या घोळक्यानं फिरतात आणि रायफलची गोळी एका हरणातून पार होऊन मागच्याला लागते. टॅग एक आणि हरणं दोन, असा पेच पडतो. मागची जागा मोकळी होईपर्यंत घोड्यावर बोट नको. धनुष्य असेल तर मान वर काढून तुमच्याकडे बघणाऱ्या मादीवर बाण सोडू नका. दोरीचा आवाज होताच ती खाली दबते आणि बाण पाठीवर लागतो.

मग रक्त बघा. गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस. अर्धा तास थांबून माग काढा. काळपट लाल असेल तर यकृत; तीन-चार तास थांबा. हिरवट आणि घाण वास येणारं असेल तर आतडी, आठ-बारा तास. घाईनं उठवलेली मादी मैलभर जाते आणि सापडत नाही.

हरीण मिळालं की वही बंद

टॅग कानाला लावा आणि दहा दिवसांत नोंद करा, हे बंधनच आहे. पण कासही दाबून पाहा: दूध आलं तर या मादीला यंदा पाडस होतं. जबडा उघडून पुढून तिसरी दाढ पाहा. तिला तीन उंचवटे असतील तर हरीण दीड वर्षाचं किंवा त्याहून लहान, दोन असतील तर दीड वर्षाहून मोठं. आतडी काढल्यावरचं वजन लिहा. दीड वर्षाच्या माद्यांचं वजन वर्षागणिक उतरत गेलं तर चारा कमी पडतोय, पुढच्या वर्षी काढायच्या माद्यांचा आकडा वाढवा.

मांस 4 अंश सेल्सियसच्या खाली लवकर न्या. रात्र उबदार असेल तर पोटाच्या पोकळीत बर्फाच्या पिशव्या ठेवा. हरणाची चरबी संपूर्ण काढा, ती टाळूला मेणासारखी चिकटते. खिम्यात त्याऐवजी थोडी बोकडाची चरबी घाला, नाहीतर तो कोरडा पडतो.

सीडब्ल्यूडी या मेंदूच्या रोगाचं नियंत्रण क्षेत्र असेल तर डोकं आणि पाठीचा कणा त्याबाहेर नेता येत नाही. तिथे ठेवलेल्या पेटीत डोकं टाकलं की तपासणी मोफत होते. निकाल यायला वेळ लागतो आणि रोग निघालेल्या हरणाचं मांस खाऊ नये, म्हणून प्रत्येक पाकिटावर टॅगचा नंबर लिहा. कसायाकडे देत असाल तर तुमचंच हरीण वेगळं कापून द्यायला आधीच सांगा. अनेक हरणांचा खिमा एकत्र दळला गेला तर निकाल कुठल्या पाकिटाचा ते कुणालाच सांगता येत नाही.