आयनाचे इलेक्ट्रॉन संरूपण कसे लिहावे

अणूचे इलेक्ट्रॉन संरूपण (कोणत्या उपकवचात किती इलेक्ट्रॉन आहेत याची मांडणी) बिनचूक लिहिणारे विद्यार्थीही लोहाच्या आयनापाशी, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावून प्रभारित झालेल्या अणूपाशी, चुकतात, कारण इलेक्ट्रॉन ज्या क्रमाने भरले त्याच्या उलट क्रमाने ते निघतात असे ते गृहीत धरतात. म्हणून प्रश्न आयनाचा असला तरी आधी उदासीन अणूचे संरूपण पूर्ण लिहावे.

लोहाचा अणुअंक २६ आहे, म्हणजे २६ इलेक्ट्रॉन बसवायचे आहेत. एस उपकवचात २, पीमध्ये ६, डीमध्ये १० आणि एफमध्ये १४ इलेक्ट्रॉन मावतात. ज्या उपकवचासाठी एन (कवचाचा क्रमांक) आणि एल (उपकवचाचा प्रकार: एससाठी ०, पीसाठी १, डीसाठी २) या क्वांटम अंकांची बेरीज कमी, ते आधी भरते आणि बेरीज सारखी आल्यास लहान एन असलेले आधी भरते. ४एसची बेरीज ४ आणि ३डीची ५ येत असल्यामुळे ४एस आधी भरते. पहिले १८ इलेक्ट्रॉन आरगॉनप्रमाणेच असतात. उरलेले ८ धरून संरूपण [आरगॉन] ३डी⁶ ४एस² असे होते. भरताना ४एस आधी आले, तरी लिहिताना ते ३डीच्या उजवीकडे ठेवावे.

धन आयनासाठी इलेक्ट्रॉन नेहमी सर्वांत मोठा एन असलेल्या कवचातून, म्हणजे या मांडणीत उजव्या टोकाकडून काढावेत. त्यामुळे २+ प्रभाराच्या लोह आयनाचे संरूपण [आरगॉन] ३डी⁶ आणि ३+ प्रभाराच्या आयनाचे [आरगॉन] ३डी⁵ होते. धन आयनात ३डीची ऊर्जा ४एसपेक्षा स्पष्टपणे खाली असते, हे त्याचे कारण. जस्ताच्या २+ आयनावरून हे पडताळता येते: ४एसऐवजी ३डीमधले दोन इलेक्ट्रॉन गेले असते, तर दोन अयुग्मित (जोडीदार नसलेले) इलेक्ट्रॉन उरले असते आणि झिंक सल्फेट अनुचुंबकीय (चुंबकाकडे ओढले जाणारे) ठरले असते, प्रत्यक्षात ते प्रतिचुंबकीय (चुंबकापासून किंचित दूर ढकलले जाणारे) आहे.

ऋण आयन सोपे. क्लोरिनच्या १७ इलेक्ट्रॉनांत एक मिळवला की क्लोराइडचे ३पी⁶ पूर्ण होते.

क्रोमिअम (३डी⁵ ४एस¹) आणि तांबे (३डी¹⁰ ४एस¹) हे अपवाद मात्र पाठच करावेत. ‘अर्धे भरलेले उपकवच स्थिर’ हे नेहमीचे स्पष्टीकरण अपुरे आहे, कारण क्रोमिअमच्याच गटातील टंगस्टन ५डी⁴ ६एस² असते. आयनासाठी नियम तोच राहतो: तांब्याच्या २+ आयनात आधी ४एसमधला एकमेव इलेक्ट्रॉन जातो, मग ३डीमधला एक, आणि [आरगॉन] ३डी⁹ उरते.