ट्रॅकवर जाण्याआधी मागचा सॅग मोजा

बाइक वळणातून बाहेर पडताना रुंद जाते, म्हणजे ठरवलेल्या रेषेबाहेर सरकते? आधी मागचा सॅग, म्हणजे वजनाने मागचं सस्पेन्शन किती दबतं ते तपासा. दोन मदतनीस हवेत. मागचं चाक अधांतरी होईल अशी बाइक उचला (पॅडॉक स्टँड चालणार नाही, तो स्विंगआर्मलाच, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यालाच टेकू देतो) आणि अ‍ॅक्सलपासून सरळ वर टेलवरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर घ्या. मग हेल्मेट, लेदर सूट, बूट घालून बसा, सीट दोनदा दाबून सोडा, पुन्हा मोजा. फरक साधारण 30 ते 35 मिमी हवा. जास्त असेल तर प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवा. वाढवता वाढवता रायडरशिवायचा सॅग शून्यावर आला, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे. ती बदलाच, डॅम्पिंग (स्प्रिंगच्या हालचालीचा वेग रोखणारी सेटिंग) आवळून हा दोष जात नाही.