कारागीर क्लास खेळताय? या चुका टाळा

मालवणात आमच्या पडवीत रविवारी डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) रंगतं: डीएम गोष्ट चालवतो, बाकीचे आपापलं पात्र खेळतात आणि निकाल डाय टाकून लागतो. एका मोहिमेला, म्हणजे बऱ्याच सेशनच्या एका गोष्टीला, मी घरीच लिहिलेला क्लास (पात्राचा पेशा) घेऊन बसलो, नाव 'कारागीर'. तलवार नाही, मंत्र नाहीत. करवत, भाता आणि बरण्या. तिसऱ्या सेशनला मी तोफेचा हिशोब मांडला तो पाऊण तास चालला. बाकीच्यांनी तेवढ्यात खाजं संपवलं आणि एकाने विचारलं, "तुझी तोफ कधी होतली रे?" झालीच नाही. मोहीम संपली तेव्हा तोफेचं एक चाक तयार होतं.

तेव्हापासून दोन कारागीर खेळलो आणि एका मोहिमेत डीएमही झालो. कुठे कुठे घोळ होतो ते आता बऱ्यापैकी कळलंय.

टेबलावर बसून हिशोब करणं

लढाईतला एक राउंड (सगळ्यांची एकेक पाळी) खेळातल्या सहा सेकंदांचा असतो. त्यात तुम्ही वही उघडून "थांबा, तीन खिळे आणि अर्धा शेर राळ" सुरू केलंत की चौघं मोबाइल बाहेर काढतात. आकडेमोड घरी करा. मी आता प्रत्येक वस्तूचं एक गोल कार्ड कापतो, सावंतवाडीच्या गंजिफाच्या पत्त्यासारखं: वर चित्र, खाली परिणाम आणि लागणारी ॲक्शन. माझी चित्रं बघून सावंतवाडीचा चितारी तोंड फिरवेल, पण टर्न आला की कार्ड टाकायचं आणि मोकळं व्हायचं.

दिवस न मोजणं

माझी तोफ इथेच बुडाली. डी अँड डीच्या २०१४च्या नियमांत हाताने वस्तू घडवताना दिवसाला ५ सोन्याच्या नाण्यांएवढंच काम पुढे सरकतं, आणि माल म्हणून वस्तूच्या निम्म्या किमतीची नाणी आधी मोजावी लागतात. प्लेट आर्मर (अंगभर पोलादी चिलखत) १५०० नाण्यांचं, म्हणजे ३०० दिवस. आमची ती अख्खी मोहीम खेळातल्या २६ दिवसांत आटोपली होती. २०२४च्या नियमांत दिवसाला १० नाणी झाली, तरी प्लेटला १५० दिवस. यात डीएमचा काही दुष्टपणा नाही. सलग धावणाऱ्या गोष्टीत कारागिराला बसायला जागाच नसते.

उपाय समोरच्या किनाऱ्यावर होता. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. होड्या वर ओढून झापांनी शाकारतात आणि माणसं जाळी सांधायला बसतात. पुढच्या मोहिमेत डीएमने नकाशावरच्या समुद्रालाही तसाच पावसाळा लावला: ६१ दिवस, बंदरातून एक जहाज हलणार नाही. मग दिवसाला १० नाण्यांनी हिशोब सुटसुटीत झाला. ब्रेस्टप्लेट (छातीचं चिलखत) ४०० नाण्यांचं, ४० दिवस. स्प्लिंट (पट्ट्यांचं चिलखत) २०० नाण्यांचं, २० दिवस. एकसष्टाव्या दिवशी हर्बलिझम किट (झाडपाल्याचं सामान) काढून एक हीलिंग पोशन (जखमा भरणारं औषध). सगळा माल मिळून ३२५ नाणी. टेबलावर हे दोन महिने वीस मिनिटांत संपले, कारण प्रत्येकाने आपण पावसाळा कसा काढला ते सांगितलं. आमच्या फायटरने (लढवय्या पात्राने) म्हणे दोन भावांचा माडाच्या हद्दीचा तंटा मिटवला. यावर कोकणातल्या कुणाचाही विश्वास बसणार नाही, पण जादूची दुनिया आहे.

आणखी एक: त्याच हत्यारांची प्रोफिशियन्सी (नियमातलं कसब) असलेला दुसरा हात मिळाला तर दिवस निम्मे होतात. कॅरेक्टर बनवतानाच कुणालातरी लोहाराच्या हत्यारांसाठी पटवून ठेवा.

ज्याच्या त्याच्या अंगावर +१ चढवणं

होमब्रू (घरी लिहिलेल्या) क्लासचा हा जुना आजार. आकडा वाढवणं सोपं, म्हणून आपण तोच वाढवतो. प्लेट आणि ढाल मिळून आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) २०. हल्ल्याला +४ असलेल्या (डायच्या आकड्यात ४ मिळवणाऱ्या) गॉब्लिन राक्षसाला वीस बाजूंच्या डायवर १६ किंवा जास्त हवेत, म्हणजे शंभरात २५ वेळा लागणार. तुम्ही चिलखतावर +१ आणि ढालीवर +१ ठोकलंत की २२. आता फक्त १५ वेळा. फायटर खूश, डीएम कंटाळतो आणि +८चे राक्षस आणतो. त्यांचा वार फायटरला ३५ वेळा लागतो, पण शेजारी १५ आर्मर क्लासवर उभ्या असलेल्या रोगला (चोरट्या पात्राला) ७० वेळा. मार खातो तो बिचारा, आणि कारण तुमचा हातोडा.

त्यापेक्षा आधी जे करताच येत नव्हतं ते करू देणारी वस्तू द्या. घडीची होडी, पाण्याखाली न विझणारा कंदील, काजूच्या टरफलांच्या तेलाची बरणी. ते तेल कातडीवर पडलं की फोड येतात हे बी भाजणाऱ्या कुठल्याही आजीला विचारा. नियमात ते ॲसिडची कुपी म्हणून बसवता येतं.

मर्यादा कशी घालायची हे आर्टिफिसर या अधिकृत कारागीर क्लासकडून उचला. पाचव्या आवृत्तीत तो २०१९ साली आला. त्या रूपात दुसऱ्या लेव्हलला त्याला चार इन्फ्यूजन (वस्तू भारण्याच्या युक्त्या) येतात, पण एका वेळी दोनच वस्तू भारलेल्या ठेवता येतात; अठराव्या लेव्हलला सहा. डोक्यात कितीही येवो, चालू मोजक्याच.

एक वाईट डाय, सगळा माल पाण्यात

वीस दिवस घडवलेली वस्तू एका रोलवर फुटली की खेळाडू पुढच्या वेळी बार्बेरियन (नुसती मारामारी करणारा क्लास) घेऊन येतो. रोल चुकला तर वस्तू होऊ द्या, पण खोट ठेवून. आमच्या घडीच्या होडीचा एक सांधा राहिला होता. दर तासाला कुणीतरी पाणी उपसायचं. चाच्यांनी पाठलाग केला तेव्हा उपसायचं कुणी यावरून जे भांडण झालं, ते त्या वर्षीचं सगळ्यात चांगलं सेशन.

सामानाची यादी

थोडक्यात सांगतो. खिळेही मोजू नका आणि नुसतं 'लाकूड' म्हणूनही सोडू नका. लाकूड, धातू, रसायन असे तीन ढीग ठेवा, आणि ढिगातल्या एखाद्याच जिनसेला नाव द्या. 'लाकूड २' कुणाच्या लक्षात राहत नाही. 'पांगाऱ्याचं हलकं लाकूड' म्हटलं की तरंगणारं काहीतरी करायची कल्पना खेळाडूला आपोआप सुचते.

ठेवणीतली पोशनं

कारागिराने दहा बरण्या वाटल्या आणि मोहीम संपेपर्यंत नऊ तशाच पडून, पाहुण्यांसाठी राखलेल्या कपबशांसारख्या. फुकट बनणाऱ्या वस्तूंना मुदत घाला. आर्टिफिसरमधल्या अल्केमिस्टचं (रसायनवाल्याचं) प्रायोगिक एलिक्झिर (जादूचा काढा) पुढच्या लाँग रेस्टच्या (मोठ्या विश्रांतीच्या) शेवटी निकामी होतं. सोलकढी कुणी आठवडाभर ठेवत नाही, तसंच.

आधी न विचारणं

क्लास लिहायला घेण्याआधी डीएमला दोन गोष्टी विचारा. दोन मोहिमांच्या मध्ये मोकळे दिवस मिळणार का? माल विकत मिळेल असा बाजार आहे का? दोन्हीला "हो" आलं तर खुशाल लिहा. उत्तर "बघू" असं आलं तर फायटर घ्या आणि बॅकग्राउंडमधून (पात्राच्या पूर्वायुष्यातून) लोहाराची हत्यारं मिळवा. "बघू" म्हणजे काय, हे निदान इकडे तरी कुणाला समजावून सांगावं लागत नाही.